३.४ सरासरीचे फलन : आधी प्रकार, मग आकडेमोड

मागील भागात आपण फलनाची ओळख करून घेतली. आता एक साधे उदाहरण सोडवू. एका विद्यार्थ्यास चार स्वाध्यायांत १४, १७, १२ व १६ गुण मिळाले आहेत. त्यांची सरासरी काढणारे फलन लिहावयाचे आहे. बेरीज ५९, भागिले ४, उत्तर १४.७५. कागदावर हे दोन ओळींचे काम.

सी भाषेत बेरीज व संख्या दोन्ही पूर्णांक ठेवल्यास मात्र उत्तर १४ येते. पूर्णांकास पूर्णांकाने भागल्यावर अपूर्णांकाचा भाग सोडून द्यावा, असा त्या भाषेचा नियमच आहे. उत्तीर्णतेस १४.५ सरासरी लागत असेल, तर हा विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरेल आणि आज्ञावली बिनतक्रार चालत राहील.

हॅस्केल या भाषेत फलनाचा प्रकार प्रथम लिहिण्याचा प्रघात आहे. तो मराठीत असा मांडता येईल :

सरासरी : पूर्णांकांची यादी → दशांश संख्या

याखाली आपण ‘यादीची बेरीज / यादीची लांबी’ असे लिहिले, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच कंपायलर ती नाकारतो. ‘/’ ही क्रिया पूर्णांकांसाठी नाही, आणि येथे बेरीज व लांबी दोन्ही पूर्णांक आहेत. ‘चांगला पुस्तक’ हे शब्द ऐकताच आपला कान अडतो. अर्थ कळला तरी लिंगाचा मेळ बसत नाही. कंपायलरचे अडणे याच जातीचे आहे. नवशिक्यास ते जाचक वाटते, पण प्रश्न रास्त असतो : आपणास पूर्ण भागाकार हवा की दशांश? पहिला हवा असल्यास ‘डिव्ह’ वापरावे. दुसरा हवा असल्यास दोन्ही संख्या ‘फ्रॉमइंटिग्रल’ने रूपांतरित करून मगच भागाव्यात. निवड आपली, भाषा ती परस्पर करीत नाही.

तथापि, जो भेद प्रकारात नोंदवलाच नाही, तो कंपायलरला दिसत नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान १९९९ साली मंगळाजवळ गमावले गेले. पृथ्वीवरील एक आज्ञावली आवेग पाउंड-बल-सेकंदांत देत होती. पुढील गणित तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून होत होते. फरक सुमारे ४.४५ पटींचा, परंतु दोन्हीकडे नुसत्या संख्याच होत्या. दोन एककांना दोन स्वतंत्र प्रकार दिले असते, तर अशी सरमिसळ कंपायलरला अडवता आली असती.

स्वयं-अध्ययन प्रश्न : यादी रिकामी असल्यास वरील फलनाने काय उत्तर द्यावे? त्यानुसार फलनाच्या प्रकाराची ओळ पुन्हा लिहा.