जुनी छोटी गाडी घेताय? आधी तिचा एमओटीचा इतिहास वाचा

ब्रिटनमध्ये आल्यावर बहुतेकांची पहिली गाडी जुनी आणि छोटीच असते. फिएस्टा, कोर्सा, यारिस, मायक्रा, जॅझ नाहीतर आय-टेन. विमा त्यातल्या त्यात परवडतो, पार्किंगला फार जागा लागत नाही आणि मुलांना शाळेत सोडून कामावर पोचलं की तिचं काम झालं. लेस्टर, स्लाउ, मिल्टन कीन्स, ग्लासगो इथे बरीच वर्षं राहिलेल्या मराठी कुटुंबांना आम्ही विचारलं, की अशी गाडी घेताना काय बघायचं? सगळ्यांनी सुरुवात एकाच सल्ल्याने केली: जाहिरातीतले फोटो नंतर बघा, आधी एमओटीचा इतिहास वाचा.

आपल्याकडच्या पीयूसीची सवय असलेल्यांना एमओटी म्हणजे धुराची तपासणी वाटते. धूर हा तिचा एक भाग झाला. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, सीटबेल्ट, काचा, गाडीच्या खालचा सांगाडा हे सगळं तपासलं जातं. गाडी ३ वर्षांची झाली की पहिली टेस्ट (नॉर्दर्न आयर्लंडमध्ये ४ वर्षांनी) आणि मग दरवर्षी. १९६० साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा ती फक्त १० वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होती. एमओटी नसताना गाडी रस्त्यावर आणली तर १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण एमओटीत न तपासल्या जाणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि नवीन माणूस फसतो तो तिथेच. इंजिनची अवस्था, क्लच आणि गिअरबॉक्स त्यात येत नाहीत. म्हणून जाहिरातीत 'बारा महिन्यांची एमओटी' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की टेस्टच्या दिवशी गाडी किमान कसोटीला उतरली. पुढच्या महिन्यात क्लच गेला तर तो खर्च तुमचाच.

सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिचा सगळा इतिहास फुकट बघता येतो. कधी पास झाली, कधी नापास, कशासाठी, आणि त्या दिवशी किती मैल झाले होते. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला तर विषय तिथेच संपवा. मे २०१८ पासून दोषांचे तीन प्रकार आहेत. डेंजरस आणि मेजर असतील तर गाडी नापास. मायनर असेल तर पास, पण लवकर दुरुस्त करायचा. याशिवाय अ‍ॅडव्हायझरी असते, म्हणजे आज चालेल, पण लक्ष ठेवा अशी सूचना.

आमच्या मते खरी माहिती या अ‍ॅडव्हायझरीतच असते. समजा, एका गाडीला तीन वर्षांपूर्वी 'मागचे ब्रेक पाइप थोडे गंजलेले' अशी सूचना आली. दुसऱ्या वर्षीही तीच, सोबत 'पुढचे टायर झिजत आलेत'. तिसऱ्या वर्षी गाडी टायरवर नापास झाली, त्याच दिवशी टायर बदलून पास झाली आणि पाइपांची सूचना तशीच राहिली. मालकाने पास होण्यापुरताच खर्च केला, हे त्या पानावर स्वच्छ दिसतं. ज्या गाडीची सूचना पुढच्या वर्षी दिसेनाशी होते, ती चार पैसे जास्त देऊनही घ्यावी. आणि एक वर्षही नापास न झालेली गाडी चांगलीच असेल असं धरून चालू नका.

जुन्या छोट्या गाड्यांचा इथला खरा वैरी गंज. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठपाणी गाडीच्या पोटाखाली सांध्यासांध्यांत जाऊन बसतं. वरचा रंग चकचकीत असतो आणि दाराखालची पट्टी, म्हणजे सिल, आतून पोखरलेली असते. पहिल्या पिढीची फोर्ड का या बाबतीत बदनाम आहे, जुन्या मायक्राचेही सिल बघून घ्यावेत. पट्टीवर अंगठा दाबत मागच्या चाकापर्यंत जा. पत्रा करकरला, दबला किंवा तिथेच जाड काळा रंग ताजा मारलेला दिसला तर गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं त्याच्या आसपास गंज असेल तर वेल्डिंग करावं लागतं, आणि कमी किमतीच्या गाडीला तो खर्च झेपत नाही. ब्रेकचे पाइपही याच मिठाने जातात.

स्प्रिंग तुटण्याची तक्रार आम्ही जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकली. पुढच्या कॉइल स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं एका वाटीत टेकलेलं असतं. तिथे पाणी आणि माती साचते, वरचा थर खरवडला जातो, गंज धरतो आणि एखाद्या खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवर तो तुकडा मोडतो. गाडी चालतच राहते, त्यामुळे कळतही नाही. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून 'टण्ण' असा आवाज येतो का, ते ऐका. एक स्प्रिंग तुटली तर जोडीची दुसरीही बदलून घ्यावी.

चेन्नईत बनलेली पहिली आय-टेन, मानेसरहून आलेली सुझुकी अल्टो आणि तिचीच जुळी निसान पिक्सो इथे अजून विकायला येतात. त्यांनाही हेच मीठ लागलेलं असतं, हे विसरू नका. जुन्या जॅझच्या धुराड्यातला कॅटलिटिक कन्व्हर्टर त्यातल्या मौल्यवान धातूंसाठी चोर कापून नेतात. म्हणून गाडी सुरू करून आवाज ऐका. कन्व्हर्टर नसेल तर गर्जना होते आणि गाडी नापास. डिझेल गाडी शाळा-दुकानाच्या छोट्या अंतरासाठी घेऊच नका. तिचा काजळी अडवणारा फिल्टर अशा चालवण्याने तुंबतो. लंडनमध्ये राहणार असाल तर यूलेझही आहे: साधारण सप्टेंबर २०१५ च्या आधीच्या डिझेल आणि २००६ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला दिवसाला १२.५० पाउंड पडू शकतात. नंबर टाकून खात्री करून घ्या.

बाकीचं घरच्या घरी होतं, तरी पुष्कळ गाड्या त्यातच नापास होतात. सगळे दिवे लावून एकाला मागे उभं करा, ब्रेकलाइट आणि नंबरप्लेटचा दिवाही बघा. वायपर फाटलेले नकोत, काच धुण्याचं पाणी भरलेलं हवं. टायरची नक्षी मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. ती कमी असेल तर पोलिसांकडून प्रत्येक टायरमागे २,५०० पाउंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट लागू शकतात. डॅशबोर्डवर इंजिनचा, एअरबॅगचा किंवा एबीएसचा दिवा पेटलेला राहिला तरी नापास. किल्ली फिरवल्यावर हे दिवे क्षणभर लागून विझायला हवेत. लागलेच नाहीत तर कुणीतरी बल्ब काढलाय असं समजा.

आता टेस्टबद्दल. गाडीसाठी गॅरेजला ५४.८५ पाउंडांपेक्षा जास्त फी घेता येत नाही, पुष्कळ जण कमी घेतात. काही कौन्सिलांची स्वतःची केंद्रं आहेत. ती सहसा दुरुस्तीचं काम घेत नाहीत, म्हणून दोष दाखवण्यात त्यांचा फायदा नसतो. जुन्या गाडीसाठी आमच्यातले कितीतरी जण तिथेच जातात. मुदत संपायच्या आधी एक महिना उणे एक दिवस इतक्या लवकर टेस्ट करून घेतली तरी पुढची तारीख बदलत नाही, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. गाडी नापास झाली आणि दुरुस्तीसाठी तिथेच ठेवली, तर कामाच्या १० दिवसांत होणारी फेरतपासणी फुकट असते. जुनी एमओटी शिल्लक असली तरी 'डेंजरस' दोष निघालेली गाडी चालवून घरी आणायची नाही, मग घर कितीही जवळ असो. टो करून न्या किंवा तिथेच दुरुस्त करा. निकाल चुकीचा वाटला तर कामाच्या १४ दिवसांत अपील करता येतं, पण त्याआधी तो भाग दुरुस्त करू नका, कारण दुसऱ्या तपासनिसाला तो दोष आहे तसा बघायला मिळायला हवा.