पैदाशीचे धोरण आणि गावची नोंदवही

कोणत्या गाईस कोणत्या वळूचे रेत द्यावयाचे, या एका प्रश्नाचे शासनाने विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणजे पैदास धोरण होय. बियाणे किंवा खत यांसंबंधीचा निर्णय चुकला तर तो पुढील हंगामात सुधारता येतो. जनावरांच्या पैदाशीत ही सवलत नाही. आज रेतन झालेली गाय सव्वानऊ महिन्यांनी विते. जन्मास आलेली कालवड संकरित असली तरी तिचे पहिले वेत पदरात पडावयास आणखी अडीच ते तीन वर्षे लागतात. देशी असल्यास सुमारे चार वर्षे जातात. तिच्या दुधाचा पुरा हिशेब हाती येईपर्यंत मूळ निर्णय घेणारा अधिकारी बहुधा बदलून गेलेला असतो आणि गावची पंचायतही नवी आलेली असते. त्या निर्णयाविषयी काही सांगू शकेल अशी एकच वस्तू मागे उरते, ती म्हणजे नोंद. ती नसेल तर उत्तमात उत्तम धोरणाचेही यशापयश समजत नाही.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशीय जनावरे व ५६ लाख म्हशी मोजल्या गेल्या. त्याच गणनेत देशभरातील देशी व गावठी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटलेली, तर विदेशी व संकरित जनावरांची संख्या सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. या बदलामागे गेल्या शतकातील धोरणांचा मोठा वाटा आहे.

वळूपासून रेतकांडीपर्यंत

लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात एका दुष्टचक्राकडे लक्ष वेधले होते. जनावरे जितकी निकृष्ट, तितकी कामासाठी अधिक जनावरे पाळावी लागतात. आणि जितकी अधिक पाळावीत, तितकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारी वैरण घटून ती आणखी निकृष्ट होतात. हे चक्र तोडण्याचा एक उपाय म्हणून मुंबई प्रांतात १९३३ चा पशुधन सुधारणा कायदा आला. अधिसूचित क्षेत्रात परवान्यावाचून वळू ठेवण्यास बंदी आणि निकृष्ट वळूंचे खच्चीकरण, हा त्याचा गाभा होता. तथापि खेडोपाडी देवाच्या नावाने सोडलेला पोळ मोकळा हिंडत असे. त्याला हात लावण्यास गावकरी सहसा राजी होत नसत. कायदा मोडण्याचा हेतू त्यात नव्हता. हा श्रद्धेचा प्रश्न होता, आणि केवळ हुकमाने तो सुटण्यासारखाही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत ‘की व्हिलेज’ या नावाने ओळखली गेलेली योजना सुरू झाली. निवडक खेड्यांचा गट घ्यावयाचा, तेथील निकृष्ट वळूंचे खच्चीकरण करावयाचे, शुद्ध जातीचे वळू पुरवावयाचे किंवा कृत्रिम रेतन केंद्र काढावयाचे, अशी तिची रचना होती. १९६४-६५ पासून मोठ्या दूध योजनांच्या पुरवठा क्षेत्रांत सघन पशुविकास प्रकल्प आले. १९७० मध्ये दूध महापूर योजनेस प्रारंभ झाला आणि दूध विकत घेणारी यंत्रणा उभी राहिली. उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. गाय दवाखान्यापर्यंत चालवत न्यावयाची ही तोवरची रीत होती. त्यात माजाची वेळ निघून जाई आणि गाय रिकामीच परत येई. ही अडचण दारातील सेवेने बरीच कमी केली.

या प्रवासातील मोठा टप्पा मात्र गोठित रेताचा आहे. नैसर्गिक संयोगाने एक वळू वर्षाकाठी साठ ते शंभर गाई फळवू शकतो. त्याच वळूचे रेत उणे १९६ अंश सेल्सियस तपमानाच्या द्रवरूप नत्रात ठेवले तर वर्षाला हजारो मात्रा मिळतात, व वळू मेल्यानंतरही त्या वापरता येतात. चांगल्या वळूचा लाभ त्यामुळे अनेक जिल्ह्यांना होतो. पण वळूच्या ठायी दोष असेल तर तोही तितक्याच दूरवर पसरतो. म्हणूनच वळूची निवड त्याच्या रूपावरून न करता त्याच्या आईच्या व मुलींच्या दुधावरून करावी, हा संततीपरीक्षणाचा आग्रह धरला जातो. २००० मध्ये केंद्र शासनाचा राष्ट्रीय गाय व म्हैस पैदास प्रकल्प सुरू झाल्यावर राज्यात महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाची स्थापना झाली, आणि २०१४ मध्ये देशी जातींच्या संवर्धनावर भर देणारे राष्ट्रीय गोकुळ मिशन आले.

रक्ताचा हिशेब

धोरणाची मांडणी थोडक्यात अशी आहे. जिची निश्चित जात सांगता येत नाही अशा गावठी गाईचा संकर विदेशी वळूशी करावा. जेथे वैरण-पाण्याची सोय बरी आहे तेथे होल्स्टिन फ्रिजियन, तर डोंगराळ व बेताच्या वैरणीच्या भागात जर्सी वापरावी. मान्यताप्राप्त देशी जातीच्या मूळ क्षेत्रात त्याच जातीच्या निवडक वळूंनी शुद्ध पैदास करावी. गावठी म्हशींची सुधारणा मुऱ्हा जातीच्या रेड्यांनी करावी, आणि पंढरपुरीसारख्या जातिवंत म्हशींना त्यांच्याच जातीचे रेत द्यावे.

यातील पहिल्या कलमाचा हिशेब शाळेतील फळ्यावर मांडण्याजोगा आहे. गावठी गाईस होल्स्टिनचे रेत दिले की कालवडीत विदेशी रक्त ५० टक्के येते. त्या कालवडीस पुन्हा होल्स्टिनचेच रेत दिले तर पुढच्या पिढीत ते ७५ टक्के होते, आणि त्यानंतरच्या पिढीत ८७.५ टक्के. पहिल्या पिढीचे दूध पाहून शेतकरी हरखतो व ‘तेच रेत पुन्हा द्या’ म्हणतो. त्याचा हा तर्क साहजिक आहे, पण तो फसवा ठरतो. विदेशी रक्त वाढत गेले की उन्हाळा सोसवत नाही, गोचीडजन्य ताप लवकर गाठतो, गाय वारंवार उलटते आणि खुराक-औषधांचा खर्च चढतो. मुबलक हिरवी वैरण व थंड गोठा असलेला गोपालक हे भागवू शकेल. चार महिने कडब्यावर काढणाऱ्या अल्पभूधारकाला ते परवडत नाही. म्हणून विदेशी रक्त सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास राखावे असे धोरण सांगते. ७५ टक्क्यांच्या गाईस निम्म्या रक्ताच्या, पारखलेल्या संकरित वळूचे रेत दिले तर पुढील कालवड ६२.५ टक्क्यांवर येते.

येथे दुसरी अडचण उभी राहते. पहिल्या संकराच्या पिढीत दिसणाऱ्या जोमापैकी निम्मा भाग संकरित-संकरित संयोगातून होणाऱ्या पिढीत निघून जातो, आणि भावंडांमध्ये दुधाची तफावत वाढते. त्यामुळे हा टप्पा पार करावयाचा तर वळूंची निवड काटेकोर हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘फुले त्रिवेणी’ गाय हे या दिशेने झालेल्या कामाचे उदाहरण होय. तिच्यात होल्स्टिनचे रक्त निम्मे, जर्सीचे पाव व गीरचे पाव असे प्रमाण आहे.

पण हे सर्व गणित ज्या गाईपुढे उभे राहून करावयाचे, तिच्या रक्ताचे प्रमाण पाहणाऱ्याला कसे कळावे? कातडीवरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून ते कळत नाही. ५० टक्क्यांची आणि ८० टक्क्यांची गाय रंगाने सारखीच दिसू शकते. आईस कोणते रेत दिले होते याची नोंद नसेल तर रेतन करणारा पशुधन पर्यवेक्षक अंदाजाने हात घालतो, आणि त्याच्या नत्रपात्रात त्या दिवशी जी रेतकांडी असेल तीच त्या गावचे पैदास धोरण ठरते.

मूळ क्षेत्रातील पेच

देशी जातींच्या क्षेत्रात या ढिलाईची किंमत अधिक जबर आहे. सोलापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांतील खिल्लार ही चपळ, काटक व दुष्काळास तोंड देणारी जात. आटपाडी व म्हसवड या परिसरात तिचे प्रकार नावाजलेले असून खरसुंडीच्या यात्रेत तिचा मोठा बाजार भरतो. तिची ख्याती बैलांसाठी. दूध मात्र बेताचे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची मागणी ओसरली आणि खिल्लार गाय सांभाळणाऱ्याच्या हाती दुधाचे पैसेही नाहीत व खोंडाचे मोलही नाही, अशी स्थिती झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात त्यांना सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा घटनापीठाने वैध ठरविला. शर्यतीमुळे उमद्या खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले, हे खरे. परंतु शर्यत निवड करते ती वेगाची. गाईची नियमित वेण्याची शक्ती वा दूध ती पाहत नाही. केवळ शर्यतीच्या बळावर जात टिकेल असे मानणे धाडसाचे होईल.

अकोले-इगतपुरीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यातील डांगीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या तेलकट कातडीवरून पावसाचे पाणी ओघळून जाते आणि कठीण काळे खूर भातखाचरांच्या चिखलात व खडकाळ उतारावर टिकतात. अशा मुलखात होल्स्टिनच्या संकराने काय साधणार, हे तेथील शेतकऱ्यास पुस्तकावाचून कळते. मराठवाड्यातील देवणी व लाल कंधारी, वर्धा-नागपूरकडील गवळाऊ यांचेही असेच आपापले गुण आहेत. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे गवळाऊचे शासकीय पैदास क्षेत्र आहे.

अलीकडे ‘देशी’ या शब्दाचे आकर्षण वाढले आहे आणि त्यातून एक नवी चूक रूढ होऊ पाहत आहे. खिल्लार वा देवणीच्या क्षेत्रात गीर वळूचे रेत दिले म्हणजे देशी पैदास झाली, असा समज दिसतो. गीर ही सौराष्ट्राची उत्तम दुधाळ जात आहे. गावठी गाईस तिचे रेत देण्यास हरकत नाही. परंतु खिल्लार गाईच्या पोटी गीरचे वासरू जन्मले तर तोही संकरच. शुद्ध खिल्लार कालवडींच्या संख्येत त्याने एकाची घट होते.

म्हशीचे निराळे गणित

म्हशीच्या बाबतीत विदेशी संकराचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण उत्तम दुधाळ म्हशींच्या जाती भारतीय उपखंडातीलच आहेत. हरियाणातील मुऱ्ह्याने गावठी म्हशींची सुधारणा होते, यात शंका नाही. पण पंढरपुरी म्हैस गावठी नव्हे. खांद्यापलीकडे जाणारी तलवारीसारखी लांब शिंगे, उन्हास व कमी वैरणीस तोंड देणारी प्रकृती आणि नियमित वेणे यांसाठी ती प्रसिद्ध आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देण्याची प्रथा तिच्याच शांत स्वभावामुळे चालत आली. विदर्भातील नागपुरी व पूर्णाथडी आणि मराठवाडी या म्हशीही राज्याच्या स्वतःच्या आहेत. दुधाचा आकडा तेवढा पाहून या सर्वांना सरसकट मुऱ्हा रेत दिले तर दोन-तीन पिढ्यांत त्यांची ओळख पुसली जाईल.

नोंदवहीत काय असावे

बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आता बहुतेक जनावरांच्या कानात दिसतो. बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर राज्यात १ जून २०२४ पासून निर्बंध आले आहेत. या क्रमांकाखाली रेतन, गर्भतपासणी व वेत यांची नोंद संगणकावर करता येते. तरीही गावात साधी वही असणे इष्ट, कारण संगणकावरील माहिती ग्रामसभेसमोर सहसा येत नाही. गाईचा बिल्ला क्रमांक, तिची जात किंवा विदेशी रक्ताचे प्रमाण, रेतनाचा दिनांक, रेतकांडीवर छापलेला वळूचा क्रमांक व जात, गाय उलटली की गाभण राहिली, वासरू नर की मादी, एवढ्या रकान्यांनी भागते. गाय सकाळी माजावर आलेली दिसली तर सायंकाळी व सायंकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावयाचे असते. माज दिसल्याची वेळ वहीत असेल तर गाय का उलटली याचा शोध घेता येतो आणि दोष रेताचा की वेळेचा, हा वाद मिटतो.

जेथे नैसर्गिक संयोगासाठी वळू ठेवला आहे तेथे वहीचे महत्त्व अधिकच आहे. एकच वळू गावात दीर्घकाळ राहिला की त्याच्याच मुली माजावर येऊ लागतात. पिता-कन्या संयोगातून होणाऱ्या वासरात निकटप्रजननाचे प्रमाण २५ टक्के असते. अशक्त वासरे, खुंटलेली वाढ व वांझपणा हे त्याचे परिणाम. वळू आणल्याचा दिनांक वहीत असल्यास सुमारे तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या वळूशी बदलण्याचा ठराव पंचायतीस वेळेवर करता येतो. हा खर्चाचा विषय नसून शेजारच्या सरपंचाशी बोलण्याचा आहे.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगा म्हणून नोंदलेला आहे. त्याचा पहिला उपयोग पुढील वर्षाच्या रेतकांड्यांची जातवार मागणी ठरविण्यासाठी करता येईल. गावात खिल्लार किती, संकरित किती व कितव्या पिढीची, पंढरपुरी म्हशी किती, हे वहीतून काढून ती मागणी ग्रामसभेच्या ठरावासह पशुवैद्यकीय दवाखान्याकडे द्यावी. म्हशींचा माज उन्हाळ्यात मुका राहतो व पावसाळा सरताना उघड दिसू लागतो; सप्टेंबर ते फेब्रुवारी हा त्यांच्या रेतनाचा मुख्य काळ. यास्तव पंढरपुरी रेड्याच्या मात्रांची मागणी ऑगस्टच्या आत पोहोचलेली बरी.