नववी ब सोडताना

चि. ऋतुजास,


पुढच्या शनिवारी तुझी इंटर्नशिप संपते आणि टाचणांची फाईल अजून अर्धीच आहे, असं ताई फोनवर म्हणाली. फाईल होईल. बी.एड. एका वर्षाचं होतं तेव्हाही प्रश्नपत्रिकांचे संविधान तक्ते शेवटच्या रात्रीच रंगायचे. २०१५पासून ते दोन वर्षांचं झालं, तरी रात्र तीच. मला बोलायचंय ते वर्गाबद्दल.

नववी ब ही इंग्रजीच्या सरांची आहे. सोमवारी पुन्हा तेच फळ्यासमोर उभे राहणार, तेव्हा धागा कुठून उचलायचा हे त्यांना कळलं पाहिजे. म्हणून आता नवी कविता काढू नकोस. वह्या तपासून परत दे. सरांसाठी एक पानभर टिपण लिही: कुठले धडे झाले, पॅसिव्ह व्हॉइस किती मुलांना नुसता पाठ आहे, रिपोर्टेड स्पीच कुठे अडकलं. आणि वाचता न येणाऱ्यांची नावं. मराठी माध्यमाच्या प्रत्येक वर्गात अशी मुलं असतात. फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवून घेतात, उत्तरं गाईडमधून लिहितात, म्हणून पटकन लक्षात येत नाहीत. पुस्तक बंद करून एक अनोळखी ओळ वाचायला दिली की कळतं. तू इतके आठवडे जवळून पाहिलंयस. साठ वह्यांच्या ढिगाऱ्यात सरांना ते दिसलं नसेल.

अंतिम पाठाला कॉलेजच्या बाई येतील. आदल्या दिवशी मुलांना उत्तरं पढवून ठेवायची, हुशार पाच जणांना पुढच्या बाकांवर बसवायचं, हे सगळीकडे चालतं. तू करू नकोस. बाईंना ते ओळखू येतं, आणि मुलांना तर आधीच माहीत असतं. मागच्या बाकावरच्याला विचार. तो अडखळला तर अडखळू दे. त्यानंतर तू काय करतेस, हेच तर बघायला त्या येतात.

उरलेले तास बोलण्याला दे. दहावीला इंग्रजीचे वीस गुण तोंडी आणि अंतर्गत कामाचे आहेत, आणि बऱ्याच शाळांत ते अंदाजाने पडतात. एकेकाला उभं केलंस तर पस्तीस मिनिटांत दहा जण होतील. जोड्या लाव. एसटी चुकली, कांद्याला भाव नाही, कबड्डीत कोण हरलं, असल्या विषयांवर आधी मराठीत, मग इंग्रजीत. गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावतील. हसून नमस्कार कर.

निरोपाच्या दिवशी मुली रडतील, कोणी पेन देईल, कोणी मोबाईल नंबर मागेल. पेन घे, नंबर देऊ नकोस. मला विचारशील तर केकही नको, तो खर्च मुलांच्या वर्गणीतून होतो. आणि सरांना ‘मी कशी शिकवते?’ असं विचारू नकोस, ते ‘छान’ म्हणतील. कुठल्या तासाला वर्ग हातातून सुटला, ते विचार. उत्तर ऐकताना समर्थन करू नकोस.

पुढे टेट परीक्षा आहे, शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल आहे, आणि नेमणूक मिळालीच तर माध्यमिकला तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना १८,००० रुपये. खासगी क्लासवाले यापेक्षा जास्त देऊ करतील. माझं मत तुला ठाऊक आहे, पण घरभाडं तुला भरायचंय. मे महिन्यात आलीस की हिशेब मांडून बोलू.

तुझी
मावशी