तणनाशकाने ओढ्यातल्या गोगलगायी मरतात का?

प्रश्न : उसात ॲट्राझिन फवारतो. पावसाचं पाणी शेजारच्या ओढ्यात उतरतं. तिथल्या गोगलगायी मेल्या, तर जनावरांचा पर्णकृमीचा त्रास कमी होईल का?
– एक ऊस उत्पादक, जि. सांगली

उत्तर : उलटही घडू शकतं. ॲट्राझिन प्रकाशसंश्लेषण रोखतं. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ घटलं की पाणी निवळतं, तळापर्यंत ऊन पोचतं आणि दगडांवरचं शेवाळ माजतं. गोगलगायींचं तेच खाद्य. २००८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ॲट्राझिनमुळे गोगलगायी आणि त्यांच्यामार्फत बेडकांना होणारे कृमी, दोन्ही वाढल्याचं दिसलं. जनावरांच्या पर्णकृमीच्या अळ्याही लिम्निया गटातल्या गोगलगायींतच वाढतात.

म्हणजे तणनाशक निरुपद्रवी, असं नाही. मात्रा जास्त झाली तर गोगलगायींचं अंडी घालणं, पिल्लांची वाढ यांवर परिणाम होतो. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या काही उत्पादनांत फवारा पानावर पसरावा म्हणून घातलेलं द्रव्य तर मूळ रसायनाहून जलचरांना घातक ठरतं.

पाऊस येणार असेल तर फवारू नका. काठालगत गवताचा पट्टा राखा. पंप ओढ्यात धुऊ नका. पर्णकृमीसाठी मात्र पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच औषध पाजा.