शिकारीच्या दडपणाखाली मुका होणारा पक्षी

इ. स. १६१२ मध्ये मोगल बादशहा जहांगीर याच्या दरबारात गोव्याहून एक अनोखा पक्षी आणण्यात आला. मुकर्रबखान या सरदाराने तो आणला होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे सविस्तर वर्णन करून ठेवले आहे. त्याला सर्वांत नवल वाटले ते पक्ष्याच्या डोक्याचे व मानेचे. त्यांचा रंग घडीत लाल, घडीत पांढरा, तर घडीत निळसर होत असे. दरबारी चित्रकार मन्सूर याच्या नावाने ओळखले जाणारे त्या पक्ष्याचे चित्र आजही उपलब्ध आहे. हा पक्षी म्हणजे टर्की होय. पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे तो अमेरिका खंडातून गोव्यापर्यंत पोहोचला होता.

दरबारात आला तो पाळीव टर्की. त्याचा रानटी भाऊबंद उत्तर अमेरिकेच्या जंगलात राहतो व प्रस्तुत लेखात आम्ही त्याच्याविषयीच लिहिणार आहोत. माणसाच्या शिकारीमुळे एखाद्या प्राण्याची संख्या कमी होते हे आपण सर्वच जाणतो. परंतु जे प्राणी जिवंत राहतात त्यांच्या वागणुकीत काय फरक पडतो, याचा विचार सहसा केला जात नाही. रानटी टर्की हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. युरोपीय वसाहतवाल्यांनी जंगले तोडली व वर्षभर निर्बंधाविना शिकार केली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला होता. त्यानंतर सरकारी खात्यांनी पिंजऱ्यात वाढवलेले टर्की हजारोंच्या संख्येने रानात सोडून पाहिले. पण ते तगले नाहीत. रानातले पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यापासून अनेक महिने आईमागून फिरते. आईने धोक्याचा तुटक आवाज काढला की जागच्या जागी दबून बसावे, रात्री झाडाच्या फांदीवर चढून झोपावे, हे सर्व ते तिच्याजवळ शिकते. पिंजऱ्यातील पिल्लाला ही शाळाच मिळाली नव्हती. पुढे १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यात तोफेसारख्या नळ्यांतून जाळे उडवून रानटी पक्षीच जिवंत पकडण्याची पद्धत यशस्वी झाली. असे पकडलेले पक्षी दुसऱ्या रानात सोडले तेव्हा मात्र ते टिकले व वाढले. २००४ च्या सुमारास त्यांची संख्या सत्तर लाखांच्या जवळपास गेल्याचा अंदाज होता. त्यानंतर अनेक राज्यांत, विशेषतः आग्नेय भागात, ती पुन्हा घटली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वसंत ऋतू हा टर्कीचा विणीचा हंगाम. पहाटे झाडावर बसल्या बसल्या नर गडगडणारी आरोळी देतो. वारा पडलेला असेल तर ती मैलभर ऐकू जाते. आरोळी ऐकून माद्यांनी नराकडे यावे, ही निसर्गाची रीत. शिकारी नेमके याच्या उलट करतो. तो अंधारातच रानात येऊन झाडाच्या बुंध्याशी बसतो. लाकडी पेटीवर झाकण घासून किंवा तोंडात पातळ पडदा धरून तो मादीचा आवाज काढतो व नराला आपल्याकडे बोलावतो. आपल्याकडेही पूर्वी पाळलेल्या तित्तिराच्या आवाजावर रानातला तित्तीर ओढून आणीत, प्रकार तोच. वसंतातील ही शिकार मुख्यतः नरांचीच असते व ती कायद्याने ठरवून दिलेल्या दिवसांतच करता येते.

म्हणजे ज्या आवाजाने जोडीदार मिळायचा त्याच आवाजाने मरण येते. अशा वेळी पक्षी काय करतो?

तो गप्प बसतो. दक्षिण कॅरोलिनात संशोधकांनी झाडांवर ध्वनिमुद्रण यंत्रे लावून नरांच्या आरोळ्या मोजल्या. काही ठिकाणे सार्वजनिक शिकारीची होती. दुसरीकडे सव्हाना नदीकाठचा अणुप्रकल्पाचा विस्तीर्ण परिसर होता. तेथे बाहेरच्यांना मुक्त प्रवेश नसल्याने शिकार फारच थोडी होते. या परिसरात आरोळ्या हंगामभर चालू राहिल्या. शिकारीच्या रानात मात्र हंगाम उघडताच त्या झपाट्याने कमी झाल्या. (अणुप्रकल्पाच्या कुंपणाआड पक्षी निर्धास्त असावा, हाही एक योगायोगच!)

येथे विद्यार्थी मित्रांनी घाई करू नये. आवाज कमी झाला याची कारणे अनेक असू शकतात. मोठमोठ्याने ओरडणारे नर आधी मारले गेले, हे एक कारण. जे उरले ते सावध झाले, हे दुसरे. शिवाय माद्या जवळ असल्या की नराला ओरडण्याची फारशी गरजच राहत नाही आणि पावसात किंवा जोराच्या वाऱ्यातही तो कमी ओरडतो. म्हणूनच शिकार होणारे व न होणारे रान एकाच ऋतूत शेजारी ठेवून पाहावे लागते. एकाच रानात बसून ‘पूर्वी खूप आवाज येत, आता येत नाहीत’ असे म्हटल्याने काहीच सिद्ध होत नाही.

सावध झालेला नर केवळ गप्प बसत नाही. तो झाडावर असताना एक-दोनदा ओरडतो आणि जमिनीवर उतरल्यावर मुका होतो. कधी मादीचा आवाज ऐकून येतो, पण उत्तर न देता येतो, दुरून थांबून मान उंचावून पाहतो. त्याची दृष्टी फार तीक्ष्ण आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने थोडीशी मान वळवताच त्याला चोहीकडचे दिसते. आवाज जेथून आला तेथे मादी दिसली नाही की तो परत फिरतो. अनुभवी शिकारी अशा नराविषयी आदराने बोलतात, हे आमच्या वाचनात अनेकदा आले आहे.

या मौनाला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. त्याचे कारण मोजणी हे आहे. नर किती ओरडतात यावरून रानात टर्की किती आहेत याचा अंदाज बांधण्याची पद्धत जुनी आहे. पण दडपणाखालचा पक्षी बोलत नसेल, तर तो असूनही नोंदवहीत नसतो. उलट, बोलणारे दोन-तीनच असतील आणि ते पुन्हा पुन्हा ओरडत असतील, तर रान भरलेले वाटते. किती पक्षी मारण्याची परवानगी द्यावी हे अशा आकड्यांवर ठरले तर चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस माद्या व त्यांच्याबरोबरची पिल्ले प्रत्यक्ष पाहून मोजली जातात. पिल्लांना लपून ओरडण्याचा किंवा न ओरडण्याचा प्रश्न नसतो. ती आईमागून उघड्यावर किडे वेचीत फिरत असतात. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये वसंतातील शिकारीचा आरंभ दोन आठवडे पुढे ढकलला, तो नरांना मादीशी मीलनास अधिक अवसर मिळावा या हेतूने.

याच पक्ष्याचे दुसरे रूप मॅसॅच्युसेट्स राज्यात दिसते. तेथील शेवटचा रानटी टर्की १८५१ मध्ये मारला गेला. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडलेले ३७ पक्षी बर्कशायरच्या डोंगराळ भागात सोडण्यात आले. आज त्या राज्यात तीस हजारांहून अधिक टर्की आहेत व ते बोस्टन शहराच्या उपनगरांतही शिरले आहेत. वस्तीत घरापासून पाचशे फुटांच्या आत परवानगीशिवाय बंदूक चालवण्यास मनाई आहे आणि लोक दाणेही टाकतात. परिणामी तेथील नर रस्त्याच्या मधोमध पिसारा फुलवून उभा राहतो, मोटारीच्या चकचकीत पत्र्यात दिसणाऱ्या आपल्याच प्रतिबिंबाशी भांडतो आणि पोस्टमनच्या मागे लागतो. रानात सळसळ होताच दिसेनासा होणारा पक्षी तो हाच. आपल्याकडे मोराची चिंचोळी येथे अंगणात येणारा मोर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

तेथील वन्यजीव खात्याने नागरिकांना सूचना दिल्या आहेत : टर्कीला दाणे टाकू नका, त्याच्यासमोर बिचकू नका, अंगावर आला तर मोठा आवाज करा, नळीने पाणी मारा, नाहीतर केरसुणी उगारून हाकला.