पोडावर जाणारी गाडी कशी असावी?



मंडळ्यांना भेटी देताना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, “तुमची गाडी फोर बाय फोर आहे ना?” आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, “हिशेबात टायरचा खर्च इतका का?” दोन्हींचे उत्तर यवतमाळच्या मातीत आहे. देणगी तुमची असते, तेव्हा ती कशावर खर्च होते हे तुम्हाला नीट कळायला हवे.

झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांची पोडे बहुधा मुख्य गावापासून दूर, टेकडीच्या अंगाने वसलेली. डांबर संपले की पांदण सुरू होते. उन्हाळ्यात तिथून कोणतीही गाडी सावकाश जाते. पाऊस पडला की सगळेच बदलते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला आपणा सर्वांना पाठ आहे. इकडचे गवंडी काळ्या मातीलाही तितकेच भितात. ओली झाली की ती टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि नवा टायरही गोटा झालेल्या टायरासारखा घसरतो. मोटारसायकलचे पुढचे मडगार्ड चिखलाने भरून चाकच जाम होते, म्हणून इकडची पोरे पावसाळ्यात ते काढूनच ठेवतात.

या वाटेवरची सर्वांत जुनी गाडी म्हणजे बैलबंडी. तिच्याकडे नीट पाहिले तर निम्मा धडा कळतो. चाक मोठे, अरुंद. आस जमिनीपासून उंच. अरुंद चाक वरचा चिखल कापून खालच्या मुरुमापर्यंत जाते. पण तीच बंडी खोल चाकोऱ्या पाडते आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये उंचवटा राहतो. आपली मोटार त्या चाकोरीत उतरली की पोट उंचवट्यावर टेकते आणि चाके अधांतरी फिरतात. म्हणून गाडीचा खालचा सर्वांत सखल भाग जमिनीपासून किती उंच आहे, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स किती, हे पाहायचे. बोलेरोचा तो सुमारे १८० मिलिमीटर, नव्या थारचा २२६. फरक जेमतेम चार-पाच सेंटीमीटरांचा, पण चाकोरीत तेवढाच निर्णायक ठरतो. शिवाय मागच्या आसाचा मधला गोळा किती खाली आहे हे स्वतः वाकून पाहावे. माहितीपत्रकातल्या चित्रात तो दिसत नाही.

आता फोर बाय फोर. बोलेरोसारख्या साध्या गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो आणि डिफरन्शियल तो दोघांत सारखा वाटते. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की त्याला जोर लागतच नाही. मग कोरड्यावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच नाममात्र जोर मिळतो. गाडी जागची हलत नाही. हँडब्रेक थोडा ओढून धरला तर कधी कधी काम भागते. चारही चाकांना जोर, लो गिअर आणि डिफरन्शियल लॉक असेल तर चढावर फार मोठा फरक पडतो, हे खरेच. पण टायर गोटा असतील तर फोर बाय फोर म्हणजे चारही चाके एकदम घसरण्याची सोय! जमिनीला टेकतात ते शेवटी टायरच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पैसे कमी असतील तर आधी खोल नक्षीचे चार चांगले टायर आणि तसाच पाचवा स्टेपनीला, इंजिन आणि मॉडेल नंतर. नरम जमिनीवर टायरची हवा तीस पौंडांवरून वीसच्या आसपास आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. त्यासाठी गाडीत पंप आणि हवा मोजायचा गेज हवाच. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चरचे सामानही हवे.

बाकी सामान महागडे नाही. फावडे, चार रिकामी पोती आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी, कारण चिखलात गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. चाकाखाली घालायला पऱ्हाट्या-तुराट्या वावरात मिळतात, पण शेतकऱ्याला विचारून घ्याव्यात. दोर मात्र स्वस्तातला घेऊ नये. तो बंपरला कधीच बांधू नये, चासीच्या हुकालाच बांधावा. ट्रॅक्टर ओढत असताना दोराच्या लांबीहून दूर उभे राहावे. ताणलेला दोर तुटून उलटला तर माणसाचा जीव जातो. गंमत पाहायला जमलेल्या लेकरांना आधी लांब करावे.

खरी भीती पाण्याची. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते, पण तो आकडा इंजिनात पाणी जाऊ नये यासाठीचा. नाल्याच्या ओढीविषयी तो काही सांगत नाही. वाहते पाणी ३० सेंटीमीटर असले तरी लहान कार तरंगू शकते आणि ६० सेंटीमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस वाहून गेली आणि माणसे दगावली. बसच्या वजनापुढे आपली जीप ती काय! पूर असताना रपट्यावर गाडी घालायची नाही, रुग्ण कितीही गंभीर असला तरी. पाणी ओसरून संथ झाले की आधी काठी घेऊन पायी चालून पाहावे. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून सुकवावेत.

केंद्राने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या आदिम जमातींच्या वस्त्यांना रस्ते आणि फिरती वैद्यकीय पथके देण्याची तरतूद आहे. रस्ते होतील आणि या लेखाची गरज उरणार नाही, तो दिवस लवकर येवो.

तोवर गाडी जिथे थांबते तिथून पोडापर्यंत माणसे चालतात. बाळंतीण खाटेवर येते, चौघांच्या खांद्यावर, वर प्लास्टिक धरून. म्हणून टायरांइतकेच महत्त्वाचे सामान म्हणजे घडीचे स्ट्रेचर, दोन चांगल्या बॅटऱ्या, ताडपत्री आणि चिखलाचे बूट. गाडी फसण्याआधी, कठीण जमिनीवर, तोंड पांढरकवड्याच्या रस्त्याकडे करून उभी करायची आणि स्ट्रेचर घेऊन पुढे निघायचे. आमच्याकडचे स्ट्रेचर दोन ठिकाणी उसवले आहे. या वर्षी टायरांच्या बरोबरीने ते मागितले आहे.