उंबरठ्याच्या आतील शिसे

लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबम’ असे म्हणतात. नळजोडणी करणाऱ्या कारागिराला आपण ज्या ‘प्लंबर’ नावाने ओळखतो, त्याचे मूळ या शब्दात आहे. शिसे मऊ, सहज वाकणारे व टिकाऊ. म्हणून रोमन काळापासून युरोपात पाण्याच्या नळ्या त्याच्या केल्या जात. शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात शिसे सहसा नसते. ते मिसळते घराजवळ आल्यावर. रात्रभर नळीत थांबलेले पाणी, विशेषतः ते मृदू व किंचित आम्लधर्मी असल्यास, हा धातू विरघळवून घेते. रंग, वास वा चव यांवरून त्याची ओळख पटत नाही.

अन्नपाण्यातील शिशाचा सुमारे दहावा भाग प्रौढाच्या शरीरात शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते आणि वाढत्या मेंदूस त्याची बाधा होते. अमुक मात्रेखाली शिसे निरुपद्रवी ठरते असे मानण्यास आधार नाही, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 साली काढला.

कायदा मात्र सावकाश चालला. 1980 च्या युरोपीय निर्देशाने लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. 1998 मध्ये ती 10 वर आणली गेली, परंतु त्यासाठी 2013 अखेरपर्यंत मुदत देऊन मधल्या काळात 25 ची सवलत ठेवण्यात आली. 2020 च्या निर्देशानुसार 12 जानेवारी 2036 पर्यंत 5 मायक्रोग्रॅमची मर्यादा गाठावयाची आहे. या विलंबाचे कारण विज्ञानात नसून कुदळीत आहे. रस्त्याखालील जलवाहिनी नगरपालिकेची, तर भिंतीतील नळी घरमालकाची. ती खणून काढण्याचा खर्च कोणी सोसावयाचा? नव्या निर्देशातही 5 ची मर्यादा निदान घरातील जोडणी सुरू होते तेथपर्यंत पाळावी, इतकेच बंधन आहे. दक्षिण जर्मनीतील व्युर्टेमबर्गने 1878 सालीच शिशाच्या नळ्यांना मनाई केली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वस्तूंच्या बाबतीत काम त्यामानाने सुकर ठरले, कारण विकावयाची वस्तू कारखान्यातच अडविता येते. मुले तोंडात घालू शकतील अशा वस्तूंत शिशाचे प्रमाण वजनाच्या 0.05 टक्क्यांहून कमी असावे, हा नियम 2016 पासून लागू झाला. पुढे पीव्हीसी प्लास्टिकचीही पाळी आली, कारण ते तापवून घडविताना त्याचे विघटन होऊ नये म्हणून त्यात शिशाचे क्षार मिसळीत असत.

येथे हा विषय आपल्या घरात शिरतो. भारतीय मानकाने 2012 पासून पिण्याच्या पाण्यासाठी 10 मायक्रोग्रॅमचीच मर्यादा ठरविली आहे आणि पीव्हीसी नळ्यांतील शिशाच्या क्षारांविषयी 2021 मध्ये नियम झाले. रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राशेजारी वसलेल्या बीरगांवासारख्या ठिकाणी पाण्याविषयी शंका आली की बोट प्रथम कारखान्यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु नियमांपूर्वी भिंतीत पुरलेली प्लास्टिकची नळी नियम झाला म्हणून बदलत नाही. तेव्हा नमुना केवळ टाकीपाशी घेऊन भागणार नाही. रात्रभर बंद राहिलेल्या स्वयंपाकघरातील नळाचे सकाळचे पहिले लिटर वेगळ्या बाटलीत धरून तपासावे लागेल. पाणी उकळल्याने जंतू मरतात. शिसे जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते.